पोटातले बिऱ्हाडकरू

दिवाळीच्या सुमारास या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा ठरलेला असतो. चकली, चिवडा, करंजी आणि अनारसे यांची ताटे चार दिवस घरोघर फिरली, की पाचव्या दिवशी पोटाच्या तक्रारी सुरू होतात; आणि मग “पोट बिघडले आहे, कोणती गोळी घ्यावी?” असा प्रश्न येतो. प्रश्न साधा आहे. पण विचारणाऱ्याने मनाशी एक हिशेब मांडलेला असतो. पोट बिघडले म्हणजे पोटात जंतू झाले, आणि जंतू झाले म्हणजे ते मारले पाहिजेत! हा हिशेब कोठे फसतो हे नीट कळावे, म्हणून यंदा मी गोळ्यांच्या आधी जंतूंविषयीच लिहिणार आहे.

पोटात जंतू ‘होत’ नाहीत; ते तेथे असतातच. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली याचा नव्याने हिशेब केला. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे डोकी मोजायची ठरवली तर आपल्याच घरात आपण अल्पसंख्य! वजन मात्र या सगळ्यांचे मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास. यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारा भाजीपाल्याचा चोथा ते पचवतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात, आणि वाड्यातले जुने बिऱ्हाडकरू जसे अनोळखी माणसाला जिन्यावरच हटकतात, तसे बाहेरच्या उपद्रवी जंतूला सहजासहजी पाय ठेवू देत नाहीत.

या गर्दीतला एक जंतू शास्त्रज्ञांच्या विशेष ओळखीचा आहे. टेओडोर एशेरिक नावाच्या जर्मन बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शौचात तो पाहिला आणि पुढे त्याच्याच नावावरून त्याला ‘एशेरिकिया कोलाय’ हे नाव पडले. पॅथॉलॉजीच्या अहवालात आपण ‘इ. कोलाय’ वाचतो, तो हाच. मोठ्या माणसाच्या आतड्यातील वस्तीत त्याचा वाटा शंभरात एक इतकाही नसतो. पण प्रयोगशाळेत तो चटकन वाढतो, म्हणून पृथ्वीवरच्या कोणत्याही जिवाचा झाला नसेल एवढा अभ्यास त्याचा झाला आहे. सर्व सोयी मिळाल्या तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. अशा सोयी त्याला आपल्या पोटात मिळत नाहीत. तेथे त्याच्यावर एकामागून एक संकटे येतात, आणि प्रत्येक संकटाला त्याने शोधलेला उपाय ऐकण्यासारखा आहे.

आम्लाची वेस

पोटात शिरताना पहिली वेस लागते ती जठराची. तेथे हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि ते लिंबाच्या रसापेक्षाही तीव्र असू शकते. अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू येथेच मरतात. कोलाय मात्र या आम्लात काही तास तग धरतो.

त्याची युक्ती अशी. आम्लाचा सूक्ष्म अंश, म्हणजे हायड्रोजनचा आयन, भिंतीतून आत झिरपू लागला, की कोलाय ग्लुटामेट नावाचे एक अमिनो आम्ल हाताशी धरतो. आपल्या डाळीभातातच ते भरपूर असते. त्याचे रूपांतर करताना आत शिरलेला एक एक आयन खर्ची पडतो. तयार झालेला पदार्थ तो बाहेर टाकतो आणि त्याच दाराने नवे ग्लुटामेट आत घेतो. गळक्या होडीत बसलेला कोळी जसा डबड्याने पाणी उपसत राहतो, तसा हा आम्ल उपसत राहतो. शिवाय त्याच्या दोन भिंतींमधल्या जागेत काही प्रथिने एरवी नुसती बसून असतात. आम्ल वाढले की त्यांची घडी मोडते, आणि घडी मोडताच ती कामाला लागतात: इतर प्रथिनांना धरून ठेवतात आणि त्यांच्या गुठळ्या होऊ देत नाहीत. आम्ल ओसरले की धरलेली प्रथिने सोडून देतात. इतरांची घडी मोडली तर घात होतो. यांची मोडली तरच उपयोग होतो, ही त्यांतली मौज.

पटकीचा जंतू याबाबतीत अगदी दुबळा. स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की जठरातील आम्ल शाबूत असेल तर आजार होण्यास पटकीचे जंतू कोट्यवधींनी पोटात जावे लागतात. पण सोडा देऊन आम्ल मारले, तर काही हजार ते काही लाख पुरतात. उलट आमांशाचा शिगेला नावाचा जंतू आम्लाला असा दाद न देणारा, की शंभर-दोनशे जंतूंनीही काम भागते. यावरून एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवावी. जळजळ होते म्हणून आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षे, कोणाला न विचारता, सकाळच्या चहाइतक्या नेमाने घेणारे पुष्कळ लोक आहेत. आपल्या वेशीवरचा पहारा आपणच उठवत आहोत, हे त्यांच्या ध्यानात नसते. गोळी गरजेची असेल तर जरूर घ्यावी. पण ती गरज डॉक्टरांनी ठरवावी.

पित्तरस आणि ताप

जठर ओलांडले की पित्तरस भेटतो. आपण बोलताना ज्याला पित्त म्हणतो ती आंबट ढेकर वेगळी. हा यकृतात तयार होणारा कडू रस. त्याचे काम साबणासारखे. तेलकट ताटावर साबण जे करतो ते तो अन्नातल्या तुपातेलाला करतो. पण जंतूंची भिंतही अंशतः स्निग्ध पदार्थांचीच असल्यामुळे ती विरघळण्याचा धोका असतो. कोलाय यावर दोन उपाय करतो. भिंतीतली रुंद छिद्रे कमी करून अरुंद छिद्रे वाढवतो, आणि आत आलेला पित्तरस पंपाने बाहेर फेकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस मॅककॉन्की या इंग्रज जंतुशास्त्रज्ञाने याचाच फायदा घेऊन जंतू वाढवण्याचे एक खाद्य तयार केले. त्यात पित्तातील क्षार घातलेले असतात. आतड्यात राहण्याची सवय असलेले जंतूच त्यावर वाढतात, बाकीचे बहुतेक मरतात. आज गावोगावच्या पॅथॉलॉजीच्या खोलीत तांबूस रंगाच्या त्या बशा दिसतात.

हा पंप वाचकांनी लक्षात ठेवावा. पित्तरस उपसणारा हा पंप काही औषधेही तितक्याच सहजपणे बाहेर फेकतो.

घरमालकाला ताप आला की बिऱ्हाडकरूलाही तो येतो. त्याला वेगळी खोली कोठली? अंड्यातला बलक उष्णतेने घट्ट होतो, कारण प्रथिनांची मूळची घडी उष्णतेने बिघडते. जंतूच्या प्रथिनांवरही तोच प्रसंग येऊ लागतो. फेरुच्चो रितोस्सा या इटालियन शास्त्रज्ञाने १९६२ साली फळमाशीवर असे दाखवले, की उष्णता वाढताच पेशी काही नेमकी जनुके तातडीने चालू करते. पुढे हीच व्यवस्था कोलायमध्येही आढळली. त्याच्याकडे काही सांभाळकरी प्रथिने असतात. त्यांचे काम दुसऱ्यांची बिघडलेली घडी नीट करून देणे. साध्या दिवसांत हे सांभाळकरी एका मुकादमाला धरून बसलेले असतात. ताप चढला, प्रथिने बिघडू लागली, की त्यांना मुकादमाला सोडून तिकडे धावावे लागते. मोकळा झालेला मुकादम मग आणखी सांभाळकरी तयार करण्याचा हुकूम सोडतो. दुरुस्ती आटोपली, की रिकामे झालेले हात पुन्हा मुकादमाला धरतात आणि हुकूम आपोआप थांबतो. गरज असेपर्यंत खर्च, गरज सरली की काटकसर. आपल्या पुष्कळ संस्थांना हे साधत नाही!

उपवासाचे दिवस

आतड्यातले नित्याचे संकट म्हणजे भूक. १९६९ साली मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट या अमेरिकन शास्त्रज्ञांना उपाशी कोलायच्या तपासणीत एक अनपेक्षित ठिपका दिसला. त्याला त्यांनी ‘जादूचा ठिपका’ असे नाव दिले. अमिनो आम्लांची टंचाई होताच जंतू एक छोटा रेणू तयार करतो, त्याचा तो ठिपका होता. हा रेणू म्हणजे घरातली काटकसरीची सूचना: वाढ बंद, नवी यंत्रसामग्री बांधणे बंद, जे आहे ते दुरुस्त करून वापरा. अशा अवस्थेत जंतू जवळजवळ निजून राहतो. आणि हेही लक्षात ठेवण्याजोगे, की निजलेल्या जंतूला बरीच औषधे मारू शकत नाहीत, कारण ती वाढणाऱ्या जंतूच्या धावपळीवरच घाव घालतात.

भुकेचा एक परिणाम मात्र आपल्याला भोवतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात माणसाच्या पोटातील चौदा जातींचे जंतू वसवले आणि मग उंदरांच्या आहारातला चोथा काढून टाकला. जंतूंनी काय केले? आतड्याच्या अस्तरावर जो बुळबुळीत संरक्षक लेप असतो, तो खायला सुरुवात केली. बिऱ्हाडकरूंना शिधा मिळेना, तेव्हा त्यांनी भिंतीचा गिलावा उकरून खाल्ला असे म्हणा. लेप पातळ झाल्यावर रोगजंतूला आत शिरणे सोपे झाले. प्रयोग उंदरांवरचा आहे हे खरे. तरी नुसता मैदा, साखर आणि तळण यांवर चार दिवस काढणाऱ्याने ताटात मेथीची भाजी, मुगाची उसळ आणि भाकरी पुन्हा कधी येणार, याचा विचार करायला हरकत नाही.

याच्या उलट एक गोष्ट मला फार आवडते. आजारी प्राणी जेवत नाही. आपल्याकडेही तापात लंघन सांगण्याची जुनी रीत आहे. मग पोटातल्या जंतूंनी त्या दिवसांत काय खावे? शिकागोच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली असे दाखवले, की उंदीर आजारी पडून खाईनासा झाला, की त्याचे लहान आतडे आपल्या अस्तरावर फ्युकोज नावाची एक साखर चढवते. ती उंदराच्या स्वतःच्या उपयोगाची नसते. जंतू मात्र ती काढून खातात. म्हणजे घरमालक स्वतः उपाशी असताना बिऱ्हाडकरूंसाठी वाटीभर काढून ठेवतो. ज्या उंदरांना ही साखर चढवता येत नव्हती, त्यांना आजारातून सावरण्यास अधिक वेळ लागला. शरीर आपल्या जंतूंना शत्रू समजत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता द्यावा?

मनाच्या ताणाविषयीही वाचक विचारतात. भीती, राग, धावपळ यांत शरीरात नॉरअॅड्रेनलीन नावाचे द्रव्य वाढते. काचेच्या नळीतील कोलायला हे द्रव्य दिले तर तो अधिक जोमाने वाढतो, असे १९९२ साली दिसून आले. याचे एक कारण असे, की एरवी आपल्या रक्तद्रवातील प्रथिने घट्ट धरून ठेवतात ते लोह या द्रव्यामुळे जंतूला सोडवून घेता येते. म्हणून परीक्षेच्या सकाळी मुलाला दोनदा जावे लागले तर जंतूंना बोल लावू नये. ते काम मुख्यतः आतड्याच्या मज्जातंतूंचे. पण मालकाच्या चिंतेचा वास बिऱ्हाडकरूंना लागतो, एवढे खरे.

न विसरला जाणारा प्रसंग

आतापर्यंत सांगितलेल्या संकटांत एक गोष्ट समान आहे. आम्ल ओसरले, ताप उतरला, जेवण मिळाले, की जंतू पहिल्यासारखा होतो. त्याची तयारी तात्पुरती असते आणि ती तो आवरून ठेवतो. अँटिबायोटिकचे संकट वेगळे आहे. त्यातून जो वाचतो, त्याच्या पुढच्या पिढ्याही पुष्कळदा बदललेल्या असतात.

काही अँटिबायोटिक्स जंतूच्या डीएनएवर घाव घालतात. सूत तुटले की जंतूमध्ये एक धोक्याची घंटा वाजते. मिरोस्लाव्ह राडमन या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात तिला बुडत्या जहाजाच्या हाकेवरून ‘एसओएस’ असे नाव दिले. घंटा वाजताच दुरुस्तीची जनुके चालू होतात. पण मार जबर असेल तर ही दुरुस्ती घाईची आणि कामचलाऊ होते. तीत चुका राहतात. बहुतेक चुका जंतूला मारकच ठरतात, पण कोट्यवधींतल्या एखाद्याची चूक अशी असते, की त्याच्यावर औषध लागूच पडत नाही. औषध पुरेसे आणि योग्य असले तर त्याला सहसा संधी मिळत नाही. अर्धवट मात्रेत मिळाले, तर आजूबाजूची वस्ती उठून जाते आणि त्या एकाला सगळे रान मोकळे सापडते.

शिवाय ही विद्या तो इतरांना देतो. १९५०च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे असे जंतू सापडू लागले, की एकाच वेळी अनेक औषधे त्यांच्यापुढे हतबल होत. १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हा गुण कोलायकडून आमांशाच्या जंतूकडे थेट, अंगाला अंग लावून जातो. म्हणजे आपल्या पोटातला निरुपद्रवी रहिवासी आल्यागेल्या गुन्हेगाराला हत्यार पुरवू शकतो. १९९२ साली मद्रासेकडे पटकीची जी नवी जात उद्भवली, तिच्याजवळही अनेक औषधांना न जुमानणाऱ्या जनुकांचे असेच एक गाठोडे होते. ‘एसओएस’ची घंटा वाजली की हे गाठोडे दुसऱ्या जंतूकडे अधिक वेगाने जाते, असे २००४ साली सिद्ध झाले.

हे सारे काचेच्या नळीतले आहे असे वाटत असेल, तर एक उदाहरण सांगतो. माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक मोठे टापटिपीचे. प्रवासाच्या पिशवीत अँटिबायोटिकची एक पट्टी नेहमी असायची. पोट जरा ढिले झाले की दोन गोळ्या, थांबले की पट्टी परत पिशवीत. ही रीत त्यांनी दोन वर्षे पाळली होती. एकदा ते थंडी-ताप आणि लघवीची जळजळ घेऊन आले.

“गुरुजी, किती दिवस झाले?” मी विचारले.

“चार दिवस. माझ्याजवळच्या गोळ्या घेतल्या, डॉक्टर. पण या खेपेस गुण आला नाही.”

लघवीच्या अशा आजाराला बहुतेक वेळा आतड्यातला कोलायच कारण असतो. तो चुकीच्या वाटेने वर चढतो. तपासणीचा अहवाल आला तेव्हा कोलायच्या पुढे औषधांची लांबलचक यादी होती आणि जवळजवळ प्रत्येक नावासमोर ‘रेझिस्टंट’ असा शेरा होता. पोटात घ्यायची एकही गोळी उरली नव्हती. जे काम चार गोळ्यांत व्हायचे, त्यासाठी त्यांना रुग्णालयात दहा दिवस शिरेतून औषध घेत पडून राहावे लागले. असे जंतू बाहेरून, पाण्याअन्नातूनही येतात. पण आलेल्या जंतूला पाय पसरायला जागा करून देण्याचे काम पिशवीतल्या त्या पट्टीने केले होते.

गोळीने उठवलेली वस्ती लगेच परतते असेही नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन निरोगी माणसांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध पाच दिवस दिले. चार आठवड्यांत वस्ती बरीचशी पूर्ववत झाली, पण काही जाती सहा महिन्यांनीही परतल्या नव्हत्या. रिकाम्या जागेत कधी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू घुसतो आणि हट्टी जुलाब लावतो. हॉलंडमधील डॉक्टरांनी २०१३ साली अशा रोग्यांना निरोगी माणसाच्या शौचातील जंतू नळीने आतड्यात दिले. वाचकांना किळस येईल, पण सोळांपैकी तेरा जण एकाच वेळच्या उपचाराने बरे झाले. नुसत्या नेहमीच्या औषधाने तेरांपैकी चारच. उठून गेलेले बिऱ्हाडकरू परत आणणे, हाच तो उपचार.

मग पोट बिघडल्यावर करावे काय? साध्या जुलाबांत प्रथम पाणी आणि क्षार भरून काढावेत. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी उत्तम. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे; चमचा चहाचा. हे पाणी घोट घोट पीत राहावे. सोबत पेज, मऊ भात, ताक चालेल. बहुतेकांचे पोट दोन-तीन दिवसांत ठिकाणावर येते. पण शौचात रक्त पडले, ताप जास्त असला, लघवी कमी झाली, मूल मलूल दिसू लागले, किंवा रोगी वृद्ध अथवा मधुमेही असला, तर घरगुती उपायांवर न विसंबता डॉक्टरांकडे जावे. आमांश, विषमज्वर, पटकी यांत अँटिबायोटिक लागू शकते आणि ते प्राण वाचवते. डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितले तितके दिवस घ्यावे. मनाने वाढवू नये, मनाने थांबवू नये.

आपल्या देशात २०१६ पासून अशा औषधांच्या पट्टीवरील उभ्या तांबड्या रेघेचा अर्थ लोकांना सांगितला जात आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये. फराळाच्या डब्यांची आवराआवर करताना औषधांचा डबाही एकदा उघडून पाहावा. तांबड्या रेघेची उरलेली पट्टी सापडली, तर पुढच्या खेपेसाठी ती जपून ठेवू नये आणि शेजाऱ्यालाही देऊ नये.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची आणि सुपाच्य जावो.